वृद्धाश्रमातील एकाकीपणा आणि यंत्रांची सोबत
(मंडळाच्या चांदूर बाजार येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



 वार्षिक संमेलनाच्या प्रसंगी मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील खर्चाची काटकसर, वसतिगृहाचा निधी, गुणवंतांचा सत्कार हे विषय आपण मोठ्या आवाजात बोलतो. ते बोललेच पाहिजेत. परंतु एक विषय असा आहे की तो मंडपात न निघता मंडपाबाहेर, पान-सुपारीच्या वेळी, दबल्या आवाजात निघतो. "त्यांच्या वडिलांना म्हणे अमरावतीला ठेवले आहे." एवढेच वाक्य, आणि मग दुसरे काही बोलणे सुरू होते. आपल्या समाजातील जे वृद्ध आज वृद्धाश्रमात राहतात, आणि जे स्वतःच्याच घरात वृद्धाश्रमात असल्याप्रमाणे राहतात, त्यांच्या एकाकीपणाविषयी मी आज बोलणार आहे.

या विषयाला एक निमित्तही घडले आहे. वर्षअखेरच्या शिलकेतून जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमास मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच भेट द्यावा, असा ठराव आज दुपारच्या सभेपुढे यावयाचा आहे. ठराव मांडणाऱ्यांच्या मनात करुणा आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तथापि यंत्राने वृद्धांचा एकाकीपणा जातो काय, जात असेल तर कोणत्या यंत्राने आणि कशा रीतीने, याचा विचार ठरावापूर्वी व्हावा, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घेऊ. एकांत आणि एकाकीपणा हे एक नव्हेत. एकांत माणूस मागून घेतो. एकाकीपणा त्याच्यावर येऊन पडतो. पहाटे उठून पोथी वाचणारे आजोबा एकांतात असतात. पन्नास खाटांच्या दालनात ज्यांना दिवसभरात कोणी नावाने हाक मारली नाही, ते आजोबा मात्र एकाकी असतात. हा केवळ मनाचा कढ आहे असे समजण्याचे दिवस गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली या प्रश्नावर एक आयोग नेमला आणि त्या आयोगाने जून २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. जगात दर सहा माणसांपैकी एक एकाकीपणाने ग्रस्त आहे आणि दर वर्षी सुमारे ८ लक्ष ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. इंग्लंडने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या कामासाठी स्वतंत्र मंत्री नेमले. ज्या दुःखासाठी राष्ट्रे मंत्री नेमतात, त्यासाठी एका ज्ञातिमंडळाने अर्धा तास द्यावा, हे काही फार झाले असे नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आला कसा? २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या भारतात सुमारे १० कोटी ३८ लक्ष भरली. महाराष्ट्रात तर शंभर माणसांत जवळजवळ दहा माणसे साठीपुढची होती. आयुष्य वाढले, ही आनंदाची गोष्ट होय. त्याच काळात आपली मुले शिकली. संत्र्याच्या बागेतील पैशावर आणि आईबापांच्या पोटाला चिमटा घेऊन ती पुण्याला, बंगळूरला आणि समुद्रापलीकडे गेली. आपणच त्यांना पाठविले, आणि ती गेली म्हणून आपण पेढे वाटले. मग आज त्यांना दोष देणे न्याय्य नव्हे. वाडा मागे राहिला, वाड्यात दोन माणसे राहिली, पुढे त्यांतील एक गेले आणि एकच उरले. पडझड झाल्यावर, गुडघे धरल्यावर, रात्रीअपरात्री पाणी देणारे कोणी नाही म्हणून त्या उरलेल्या एकाला कोठे तरी ठेवावे लागते.

ही सोय काही आजची नाही. महाराष्ट्र शासनाने १९९५ साली 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना काढली. आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीचा केंद्राचा कायदा २००७ साली झाला आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासस्थान असावे, असे त्यात सांगितले गेले. पुण्यासारख्या शहरी 'अथश्री' सारख्या, केवळ ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे लोक आपखुशीने घर घेऊन राहतात. तेव्हा वृद्धाश्रम म्हणजे कलंक, ही समजूत आपण टाकून द्यावी. कलंक वृद्धाश्रमात ठेवण्यात नसून, ठेवून विसरण्यात आहे. आणि न विसरण्याच्या कामी यंत्र साहाय्य करू शकते, हा माझा आजचा मुद्दा आहे.

यंत्राचे नाव काढताच आपल्यातील काही ज्येष्ठ भुवया उंचावतील हे मी जाणतो. पण जरा मागे वळून पाहा. १८७९ साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले. त्या पोस्टकार्डाने किती सासुरवाशिणींना माहेर जोडून दिले! तारही येत असे. तिची भीती वाटे, कारण ती बहुधा अशुभच आणी. २०१३ च्या जुलैमध्ये ती बंद झाली. मग रस्त्याच्या कोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली आणि रात्री दर उतरल्यावर आपण रांगेत उभे राहून मुलाशी तीन मिनिटे बोलू लागलो. पुढे मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आला आणि २०१६ च्या अखेरीस तर व्हॉट्सअ‍ॅपवर चेहरा दिसू लागला. दर पिढीने आपल्या काळाचे यंत्र घेऊन अंतर कापलेच आहे. पोस्टकार्ड हेही यंत्रच होते. मात्र ते कोणी तरी लिहावे लागे. यंत्र बदलले, पण ही अट बदललेली नाही.

आपल्या तालुक्याला तर हे निराळे सांगावयास नको. माधानचे प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराज यांची दृष्टी नऊ महिन्यांचे असतानाच गेली. १८८१ ते १९१५ एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. ते कसे? दुसऱ्यांनी वाचून दाखवावे, महाराजांनी ऐकावे; महाराजांनी सांगावे आणि दुसऱ्यांनी लिहून घ्यावे. ज्या चांदूर बाजारात त्यांचे भक्तिधाम आहे, त्या गावाला 'डोळे गेले म्हणजे जग संपले' असे म्हणण्याचा अधिकार नाही. डोळ्यांचे काम कान करू शकतो, परंतु त्यासाठी वाचून दाखविणारा कोणी तरी शेजारी बसलेला असावा लागतो. तो वाचणारा आज पुण्यातून मोबाइलवरही वाचू शकेल. पण वाचणारा हवाच.

आता अनुभव आणि प्रयोग काय सांगतात ते पाहू. २०२० साली महामारीच्या टाळेबंदीत वृद्धाश्रमांची दारे भेटीसाठी बंद झाली तेव्हा व्हिडिओ कॉलचा मोठा गाजावाजा झाला. त्याच वर्षी कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने व्हिडिओ कॉलने वृद्धांचा एकाकीपणा घटतो काय, याचा शोध घेतला. साऱ्या जगात मिळून कसोटीला उतरणारे केवळ तीन प्रयोग हाती लागले. ते तिन्ही तैवानमधील शुश्रूषागृहांतले असून त्यांत एकूण २०१ वृद्ध होते. निष्कर्ष असा निघाला की पुरावा अत्यंत अनिश्चित आहे. फार फरक पडतो असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. बंधूंनो, महागड्या यंत्राचा हा पहिला हिशेब.

आता दुसरा हिशेब ऐका. अमेरिकेत टेक्सास प्रांतातील ऑस्टिन येथे घरपोच जेवण पुरविणारी एक संस्था आहे. तिच्याकडून डबा घेणाऱ्या, घरात खिळलेल्या २४० माणसांवर एक प्रयोग झाला. त्यांत बहुसंख्य लोक पासष्टी ओलांडलेले होते. १७ ते २३ वर्षे वयाच्या १६ तरुण-तरुणींना थोडे शिक्षण देण्यात आले. ते वैद्यकाचे नव्हे, तर आपुलकीने ऐकण्याचे. या मुलांनी निम्म्या लोकांना साधा दूरध्वनी करावयाचा होता. त्यात चित्र नाही, काही दाखविणे नाही. एकेकाच्या वाट्याला सहा ते नऊ माणसे आली. पहिल्या आठवड्यात पाच दिवस रोज दहा मिनिटे बोलावयाचे, आणि पुढे किती वेळा बोलावयाचे ते त्या माणसाने स्वतः ठरवावयाचे. चार आठवड्यांनंतर पाहिले तर ज्यांना फोन गेले त्यांचा एकाकीपणा, खिन्नता आणि चिंता, तिन्ही इतरांपेक्षा कमी झालेली आढळली. हा प्रयोग २०२१ साली तेथील मानसोपचाराच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या दोन हिशेबांचा अर्थ काय? पडद्यावर चेहरा दिसला तरी मन भरत नाही, आणि नुसता आवाज ऐकू आला तरी भरते, असे हे उलटे गणित का घडावे? मला जे उत्तर दिसते ते असे: दुसऱ्या प्रयोगात नियम होता. अमक्या वेळी अमकी व्यक्ती फोन करणार, आणि ती आपलेच ऐकण्यासाठी फोन करणार, हे त्या वृद्धाला ठाऊक होते. वाट पाहण्यास काही असणे, ही वृद्धापकाळातील फार मोठी संपत्ती होय. ज्याला वाट पाहावयास काही नाही, त्याच्या भिंतीवर कितीही मोठा पडदा लावा, तो त्याच्याकडे पाठ करूनच झोपेल.

मध्यंतरी आपल्या जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात मी गेलो होतो. तेथे सिरजगावकडच्या एक आजी भेटल्या. गळ्यात दोरीने बांधलेली कापडी पिशवी, आणि पिशवीत मोबाइल. मी सहज म्हणालो, "आजी, तुमच्याजवळ तर फोन आहे, मग मुलाशी बोलणे होत असेल रोज." आजी हसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, फोन त आहे, पण त्याले वाजता येत नाई." त्या यंत्रात काही बिघाड नव्हता. मुलाने मोठ्या हौसेने घेऊन दिलेला तो चांगला फोन होता. आजींनी एका वाक्यात जे सांगितले, ते सांगण्यास मला आतापर्यंतचे सारे भाषण लागले.

अर्थात प्रत्येक वेळी मुलाचाच दोष असतो असे नाही. कित्येकदा फोन वाजतो, पण उचलला जात नाही. उचलला तरी ऐकू येत नाही. आणि दोन्हीकडे गैरसमज वाढतो. या व्यावहारिक अडचणींकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण त्या दूर करणे आपल्या आवाक्यात आहे.

पहिली अडचण कानाची. साठीपुढील माणसांत शंभरांत पंचवीसहून अधिकांना त्रासदायक बहिरेपण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हातारपणीचे बहिरेपण हे आवाज एकदम बंद होण्यासारखे नसते. प्रथम बारीक, उंच स्वर जातात. 'स', 'श', 'त', 'फ' ही अक्षरे पुसट होतात. म्हणजे कोणी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही. स्त्रियांचा आणि लहान मुलांचा आवाज उंच पट्टीतला असल्याने तो सर्वांत आधी हरवतो. पहा, केवढा दैवदुर्विलास! ज्या नातवाच्या आवाजासाठी जीव कासावीस होतो, तोच आवाज प्रथम दुरावतो. आणि घरची माणसे म्हणतात, "बाबांना सोयीचे तेवढे ऐकू येते." अशा माणसाशी ओरडून बोलल्याने उपयोग होत नाही. सावकाश, तोंड उजेडाकडे ठेवून, एकेक वाक्य सुटे करून बोलावे लागते. व्हिडिओ कॉलचा खरा लाभ येथे आहे, कारण त्यात ओठ दिसतात. आणि त्याहीपूर्वी कानाची तपासणी व्हावयास हवी. श्रवणयंत्र हेच एकाकीपणावरील पहिले यंत्र होय. मोबाइलचा क्रम त्यानंतर लागतो.

यासाठी शासनाचे साहाय्यही आहे. केंद्र शासनाने २०१७ साली 'राष्ट्रीय वयोश्री योजना' काढून गरजू वृद्धांना चष्मे, श्रवणयंत्रे, कवळ्या, काठ्या देण्यास आरंभ केला. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' आणली. तीत ६५ वर्षांवरील आणि वार्षिक दोन लक्ष रुपयांच्या आतील उत्पन्नाच्या नागरिकांना अशा साधनांसाठी एकवेळ ३००० रुपये त्यांच्या खात्यात देण्याची तरतूद झाली. आपल्यातील किती वृद्धांनी असे अर्ज केले? अर्ज भरून देणारा नातू घरी नाही, हेच बहुधा खरे कारण असेल.

दुसरी अडचण बोटांची. नव्या फोनचा पडदा बोटाच्या त्वचेतील ओलाव्यावर आणि विजेच्या सूक्ष्म वहनावर चालतो. वृद्धांची त्वचा कोरडी पडते, हात थरथरतो, बोट एकाच जागी अधिक वेळ टेकते. मग पडदा ऐकत नाही किंवा भलतेच ऐकतो. आपण म्हणतो, "आईला फोन जमत नाही." वास्तविक फोनलाच आई जमत नाही! अशा वेळी मोठ्या बटणांचा साधा फोन हजार पटींनी बरा. तिसरी अडचण अगदी क्षुल्लक, पण तीच सर्वांत घातक. फोन चार्ज करावयाचा राहतो, रिचार्ज संपतो, आवाज चुकून बंद होतो. पुण्याचा मुलगा तीन दिवस फोन लावतो, लागत नाही, आणि इकडे आई म्हणते, "तीन दिवस झाले, लेकाले आठवण नाई." एका तारेच्या टोकापायी दोन जिवांत दुरावा येतो. सबब प्रत्येक वृद्धाश्रमात 'फोनचा पालक' म्हणून एक माणूस नेमलेला असावा. रोज सायंकाळी सर्वांचे फोन चालू आहेत की नाहीत, एवढेच त्याने पाहावे.

यंत्राचे धोकेही सांगितले पाहिजेत. एकाकी माणसाशी जो गोड बोलतो तो त्याला देवासारखा वाटतो, हे ठगांनी पुरते ओळखले आहे. 'डिजिटल अटक' असे सांगून पोलिसांच्या वेषात व्हिडिओ कॉल करून वृद्धांची आयुष्याची पुंजी लुबाडल्याच्या वार्ता आपण वाचतो. कायद्यात अशी अटक नाही, हे प्रत्येक वृद्धाच्या कानी घातले पाहिजे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. आणि कोणत्याही ज्येष्ठाला अडचण असेल, छळ होत असेल, किंवा केवळ मन मोकळे करावयाचे असेल, तरी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क क्रमांक २०२१ पासून देशभर उपलब्ध झाला आहे. हे दोन आकडे या स्मरणिकेच्या मुखपृष्ठामागे मोठ्या टाइपात छापावेत, अशी संपादकांना माझी सूचना आहे.

आणखी एक धोका सूक्ष्म आहे. यंत्र पाठविले म्हणजे आपण जाणे लागत नाही, असा समज होण्याचा. जपानात शिबाता नावाच्या संशोधकाने सील या जलचराच्या पिलासारखे एक यांत्रिक खेळणे घडविले आहे. त्याचे नाव 'पारो'. त्याला कुरवाळले की ते मान हलविते, आवाज करते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ते मांडीवर दिले तर ते शांत होतात, असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे. मी त्याची थट्टा करणार नाही. ज्याला कुटुंबही ओळखू येत नाही त्याला तेवढा दिलासा मिळाला तर तोही पुण्याचाच. पण ज्याला आपला मुलगा ओळखू येतो, त्याच्या मांडीवर खेळणे ठेवून आपण मोकळे होऊ नये. आपल्या महाराष्ट्रात २०२२ साली निराळा मार्ग काढला गेला. शंतनू नायडू या तरुणाने दिवंगत रतन टाटा यांच्या पाठबळाने मुंबईत 'गुडफेलोज' नावाची सेवा सुरू केली. मोबाइलवरून नोंदणी करावयाची आणि प्रत्यक्ष येतो तो सुशिक्षित तरुण; गप्पा मारावयास, फिरावयास, वर्तमानपत्र वाचून दाखवावयास. येथे यंत्र सोबत करीत नाही. यंत्र सोबतीला आणून पोहोचविते. हाच यंत्राचा खरा धर्म आहे असे मला वाटते.

तेव्हा आपण काय करावे? शहरी सेवेला पैसे पडतात. आपल्याजवळ पैशाहून मोठी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ओळख. आपले मंडळ दरवर्षी विवाहेच्छू मुलामुलींची सूची छापते. जन्मवेळ, उंची, शिक्षण, मामाकुळ, सारे तीत असते. परंतु समाजातील सत्तरीपुढील एकट्या माणसांची सूची आपण आजवर केलेली नाही. ज्यांचे जोडावयाचे आहे त्यांची यादी आपल्यापाशी आहे. ज्यांचे तुटत चालले आहे त्यांची नाही. ती सूची छापू नये, कारण ती ठगांच्या हाती पडावयास नको. पण कार्यवाहांच्या वहीत ती या वर्षी तयार व्हावी, हा माझा पहिला प्रस्ताव.

दुसरा प्रस्ताव असा. मंडळाकडून शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने दोन वृद्धांचे पालकत्व नव्हे, तर श्रोतेपण पत्करावे. आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटे फोन. वेळ ठरावी ती वृद्धाच्या सोयीने, आणि ती मोडू नये. परीक्षेमुळे जमणार नसेल तर आदल्या दिवशी तसे सांगावे. टेक्सासमधील सोळा मुलांनी जे केले ते वऱ्हाडातील सोळा मुलांना न जमण्यासारखे त्यात काय आहे?

मुले विचारतील, "आम्ही त्यांच्याशी बोलावे तरी काय?" मुलांनो, बोलू नका, विचारा. दयेचा फोन दोन आठवड्यांत दोघांनाही नकोसा होईल. मनुष्याला केवळ मिळाल्याने बरे वाटत नाही. आपल्यापासून कोणाला तरी काही मिळते, याने बरे वाटते. तेव्हा विचारा, संत्र्याच्या मृग बहारासाठी झाडांना ताण केव्हा देत, आणि आंबिया बहाराला केव्हा. विचारा, बहिरमच्या जत्रेला बैलगाड्या कोणत्या वाटेने जात, आणि रोडगे भाजण्याचा जाळ कसा ओळखीत. विचारा, आपले घराणे कोणत्या गावाहून या गावी आले, आणि का. मंडळाची वंशावळ पुरी करण्याचा ठराव कित्येक वर्षे कागदावर पडून आहे. ती वंशावळ जिवंत आहे, बंधूंनो. ती खाटेवर बसून दाराकडे पाहत आहे. तिला कोणी विचारावयास येत नाही, इतकेच.

आणि विचाराल ते त्यांच्या संमतीने मुद्रित करून ठेवा. आजच्या फोनमध्ये ती सोय आहेच. गाडगेबाबांचे १९५६ च्या नोव्हेंबरातील मुंबईत वांद्र्याचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. कोणी तरी त्या दिवशी यंत्र लावले म्हणून बाबांचा तो खणखणीत वऱ्हाडी आवाज आज आपण ऐकू शकतो. आपल्या घरातील आवाजही एवढेच मोलाचे आहेत, आणि ते तेवढेच घाईत आहेत.

तिसरा प्रस्ताव थोड्यांना रुचणार नाही, तरी मांडतो. आपला विद्यार्थी आपल्या आजोबांना फोन करील, आणि शेजारच्या खाटेवरील दुसऱ्या ज्ञातीचे आजोबा ते ऐकत बसतील. त्यांच्या सूचीत त्यांचे नाव घेणारे कोणतेही मंडळ नसेल. अशा वेळी "शेजारच्या बाबांनाही फोन द्या हो, दोन मिनिटे बोलतो," असे आपल्या मुलाने म्हणावे. मंडळाचे नियम सभासदांपुरते आहेत. माणुसकी सभासदांपुरती नाही. ज्या संतांच्या भूमीत आपण बसलो आहोत त्यांनी आपल्याला निराळे काही शिकविलेले नाही.

आता दुपारच्या ठरावाकडे येतो. दूरचित्रवाणी संच मुळीच देऊ नये असे माझे म्हणणे नाही. क्रिकेट आणि कीर्तन तेथेही हवेच. पण शिलकेचा मोठा भाग कानांची तपासणी, श्रवणयंत्रांतील तूट भरून काढणे, मोठ्या बटणांचे फोन, वर्षाचा रिचार्ज आणि फोनच्या पालकाचे अल्पसे मानधन यांवर खर्च व्हावा, अशी उपसूचना मी आणू इच्छितो. दूरचित्रवाणी संचावर देणगीदाराचे नाव कोरता येते. कानात बसविलेल्या यंत्रावर ते कोरता येत नाही, ही अडचण मी जाणतो. परंतु ज्याला ऐकू येईल, तो ते नाव विसरणार नाही.

शेवटी परदेशी व परगावी असलेल्या आपल्या मुलांना, कारण ही स्मरणिका त्यांच्यापर्यंत जाते, एकच सांगणे आहे. आईवडिलांना महाग फोन देऊ नका. ठरलेली वेळ द्या. रविवारी सकाळी नऊ म्हटले तर नऊ. बोलावयास काही नसेल तर चहा घेत गप्प बसा, पण त्या वेळी बसा. आणि वर्षातून एकदा तरी या. पडद्यावर चेहरा दिसतो, पण पडद्यातून हात बाहेर येत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला पुष्कळदा बोलण्याहून हात हातात घेणेच हवे असते. आता आपल्या चांदूर बाजारला रेल्वेही थांबते. वाट पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही.

 दुपारच्या सभेत उपसूचना मांडीन. तिला अनुमोदन देणारे हात पुष्कळ निघतील अशी आशा आहे. परंतु त्याहून अधिक आशा ही की जेवणाच्या सुटीत आपल्यापैकी काही जण मंडपाबाहेर, जरा आवाज कमी असेल अशा जागी जाऊन, एखादा फोन लावतील.

जय हिंद, जय महाराष्ट्र.